बिनआवाजाची गाडी

जानेवारी लागला की नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हुरड्याच्या पाट्या दिसू लागतात. पूर्वी हुरड्याला पाटी लागत नसे, पाहुणे लागत. आता बांधावर रंगीत छत्र्या असतात, प्लास्टिकच्या खुर्च्या असतात आणि एखाद्या बांबूला बांधलेला कर्णा असतो. माझी त्याला काही हरकत नाही. गोवरीच्या आरात भाजलेल्या कणसाचा वास कर्ण्याने बिघडत नाही. गरम कणीस तळहातावर चोळताना तोंडाला सुटणारं पाणी पन्नास वर्षांपूर्वी सुटायचं तसंच सुटतं.

यंदा मात्र एक गोष्ट वेगळी झाली. दिवाळीनंतर डॉक्टरांनी माझ्या डाव्या कानात वाटाण्याएवढं यंत्र बसवलं. ते लावून परवा एका ओळखीच्या शेतात गेलो आणि बांधावर पाऊल ठेवताच ज्वारीची सळसळ ऐकू आली. गेली सहा-सात वर्षं मी ती नुसती डोळ्यांनी बघत होतो. पानं हलायची, कणसं डुलायची, पण सगळं मुक्यानं. मी तिथंच उभा राहिलो. मुलगा दोनदा म्हणाला, "आबा, चला, कणसं गार होतायत." मी त्याला हातानं थांब म्हटलं. ही सळसळ कानाला यंत्र लावून ऐकण्याची माझी ही दुसरी खेप होती. पहिली खेप सत्तर-एकाहत्तरच्या हिवाळ्यातली. तेव्हा माझे कान धडधाकट होते आणि यंत्र दुसऱ्या माणसाचं होतं.

तेव्हा नगरला लागूनच असलेल्या केडगावला पुणे रस्त्यावर माझं सायकलचं दुकान होतं. तासावर सायकली भाड्यानं द्यायच्या, पंक्चर काढायचे, चाकांचे आरे ओढून ती सरळ करायची. माझं आणि कुसुमचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि तिच्या माहेरी, पाथर्डीच्या अलीकडच्या एका गावात, हुरड्याला जायचं ठरलं होतं. जाताना मी सायकल एसटीच्या टपावर चढवली. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनीच ती लग्नात दिलेली होती. हिरवी, चकचकीत. देणाऱ्याच्या गावात ती मिरवली नाही तर तिचा उपयोग काय, असं मला वाटायचं.

सासुरवाडीला जावयाचा थाट असतो हे खरं, पण तो सोसायला बूड भक्कम लागतं. पाय धुवायला गरम पाणी, बसायला घडी घातलेली घोंगडी, आणि काहीही करायला उठलं की "तुमी बसा, जावईबापू." पाण्याचा तांब्या उचलला तरी "तुमी बसा." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी बसून बसून आंबलो होतो. हाताला पान्याची सवय. तिथं हातात फक्त सुपारीचं खांड.

त्याच दिवसांत गावात सिनेमावाले उतरले होते. शाळेच्या दोन खोल्यांत त्यांचा मुक्काम होता. दिग्दर्शक तरुण, चष्मेवाला, सतत आकाशाकडे बघणारा. त्याच्या मनात खेड्यातल्या एका कुटुंबाची साधी गोष्ट होती आणि ती खऱ्या शेतात, खऱ्या माणसांच्या बोलीत घ्यायची असा त्याचा हट्ट होता. गोष्टीतल्या आईचं काम करायला मुंबईहून येणाऱ्या बाई तापानं आल्याच नाहीत. दिग्दर्शक डोक्याला हात लावून ओढ्याच्या काठी बसला असताना त्याला माझ्या सासूबाईंचा आवाज ऐकू आला. मामी माळ्यावर उभ्या राहून पाखरं हाकत होत्या. माळा शेताच्या मध्यावर, ओढा दोन शेतं पलीकडे. पण मामींच्या आवाजाला एवढं अंतर म्हणजे काहीच नव्हतं. त्या घरात चहा ठेवायच्या तो वेशीपर्यंत कळायचा. दिग्दर्शक आवाजाच्या मागं चालत माळ्याखाली आला आणि म्हणाला, "बाई, सिनेमात काम कराल का?"

मामी वरून म्हणाल्या, "आधी पाखरं हाकू द्या, मंग सांगती."

अशी आमची मामी सिनेमात गेली. प्रसंग एवढासाच होता. लेक सासरी निघाली आहे, आई तिला पोचवायला बांधाबांधानं शिवाराच्या कडेपर्यंत चालते आणि चालता चालता चार वाक्यं बोलते. लेकीचं काम करणारी मुलगी मुंबईची होती, तिला नुसतं मान खाली घालून चालायचं होतं.

अडचण आली ती वागळ्यांची.

वागळे म्हणजे आवाजाची नोंद करणारे. पन्नाशीचे, गोल, पायात पांढरे कापडी बूट, पाठ दुखते म्हणून एक हात कायम कमरेवर. बोलता बोलता मधेच थांबायचे, एक बोट वर करायचे आणि काहीतरी ऐकायचे. समोरच्याला वाटायचं काय झालं. काही झालेलं नसायचं; कुठंतरी झाडावर होला घुमलेला असायचा. त्यांच्याजवळ दोन चकत्या फिरणारं टेपरेकॉर्डरचं जड यंत्र होतं, त्याला लागणारी बॅटरी होती, तारांची वेटोळी होती, माइक होते आणि आवाज ऐकायला कानांवर चढवायचं यंत्र होतं. हे सगळं ठेवायला मुंबईहून आणलेला एक लाकडी गाडा होता. त्याला टीपॉयला असतात तसली सुपारीएवढी चार चाकं. स्टुडिओच्या गुळगुळीत फरशीवर तो छान पळत असणार. आमच्या काळ्या रानात पहिल्याच ढेकळाला त्यानं मान टाकली.

मग मामांनी आपली बैलगाडी दिली. मामांचं बोलणं कमी. त्यांच्या वतीनं त्यांची गाडी बोलायची. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, कण्याला खास लयीतली किरकिर. ओढ्यापलीकडून गाडी येऊ लागली की गाव म्हणायचं, आले अप्पा. त्या गाडीत यंत्र ठेवून, मामींच्या बरोबरीनं गाडी चालवून तालीम झाली. संध्याकाळी वागळ्यांनी आमच्या ओट्यावर टेप लावून दाखवली. सगळी आळी जमली. आधी खडाड् झालं, मग किर्रर्र, मग छुनछुन, पुन्हा खडाड्, आणि त्या सगळ्याच्या मागं कुठंतरी आडात पडलेल्या बाईनं हाक मारावी तसा मामींचा आवाज. तोही थरथरत, कारण धक्क्यानं चकत्या हलत होत्या.

मामांचा चेहरा उजळला. "आपली गाडी लई झ्याक वाजतीया," ते म्हणाले. दिवसातलं त्यांचं बहुधा हे पहिलंच वाक्य.

वागळ्यांनी कपाळाला हात लावला. दिग्दर्शकानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "वागळे, सोमवारी सकाळी हा प्रसंग घेऊन आपण निघतोय. तोवर जमलं तर ठीक. नाहीतर चित्र घेऊ, आणि आवाज मुंबईला दुसऱ्या एखाद्या बाईंचा भरू."

मामी दारात उभ्या होत्या. "म्हंजी? त्वांड माजं आन् बोलनार दुसरी?"

"सिनेमात असं करतात, बाई. कळतही नाही बघणाऱ्याला."

"मला कळंल की," मामी म्हणाल्या. "तिला काय ठावं, मी माज्या लेकीला काय बोलती आन् कशी बोलती?"

मामी आत गेल्या. त्या संध्याकाळी भाकरी थापण्याच्या आवाजाखेरीज आतून दुसरा आवाज आला नाही. कुसुम बाहेर येऊन माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "अहो, आई गप बसलीय. मी असं कधी बघितलं न्हाई." आणि मलाही जाणवलं, ते घर एकदम परक्यासारखं वाटत होतं.

मी उठलो. वागळे पायरीवर तार गुंडाळत होते. त्यांना म्हणालो, "साहेब, चाकाचं काम मला येतं. गाडी मी करू का?"

"तुमी बसा, जावईबापू," मामा म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच मी सासऱ्यांचं ऐकलं नाही.

आमच्या हातात शनिवार आणि रविवार होता. शनिवारी उन्हं अंगणात उतरायच्या आत मी वागळ्यांना उभं करून शिंप्यासारखी त्यांची मापं घेतली. कंबर कुठं येते, कोपर कुठं येतं. पाठ दुखणाऱ्या माणसाला वाकायला लागता कामा नये, म्हणून यंत्र बेंबीच्या उंचीला हवं. ते डावखुरे होते. त्यामुळे यंत्राच्या उजव्या अंगाची सगळी बटणं त्यांना ओणवं होऊन फिरवावी लागत आणि वीस वर्षं त्यांची पाठ त्यानंच गेलेली होती. "यंत्र उलट्या अंगानं ठेवलं तर?" मी विचारलं. वीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, असं ते म्हणाले. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सीट वर घेऊ की खाली, हे विचारतच होतो.

गोठ्यात सुंभाची एक जुनी बाज पडलेली होती. तिच्या बाभळीच्या लाकडाचा सांगाडा केला. मोठं चाक ढेकळावरून सहज जातं, लहान चाक त्याला अडखळतं, म्हणून सायकलचीच चाकं लावायची हे माझ्या मनात पक्कं होतं. आणि सायकल तर दारात उभीच होती. मी ती अंगणाच्या मधोमध उलटी केली आणि तिची दोन्ही चाकं काढली. मागं वळून बघितलं तर मामा दावणीपाशी उभे. आपण हौसेनं दिलेल्या सायकलीच्या तंगड्या वर झालेल्या त्यांनी बघितल्या, खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि शेताकडे निघून गेले.

दुपारी कुसुम सांगत आली, "अप्पा पार चुकवून वळसा घालून गेले म्हणे. लोक म्हणतील, जावयाला कामाला जुंपलं."

"मग त्यांना सांग, जावई खुशीत आहे म्हणून."

"ते दिसतंयच," ती म्हणाली. माझ्या नाकाला काळं वंगण लागलं होतं. ते तिनं पदरानं पुसलं आणि पदर खराब झाला म्हणून मलाच बोलली.

आज आठवतं ते त्या अंगणातलं ऊन. हिवाळ्यातलं ऊन कोवळं असतं म्हणतात, पण आमच्याकडचं ऊन कोरडं असतं, खरखरीत. ते पाठीवर घोंगडीसारखं पडतं. एका बाजूला भाजलेल्या कणसांचा वास, दुसऱ्या बाजूला ट्यूबच्या रबराचा. मामी मधूनच पितळीत हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा आणून ठेवायच्या. माझे हात वंगणानं भरलेले, तेव्हा कुसुम इकडेतिकडे बघून एक घास माझ्या तोंडात टाकायची. सासुरवाडीच्या अंगणात, दिवसाढवळ्या! दुसऱ्या कुठल्या कामात मला ही चैन मिळाली नसती.

यंत्र फळीवर ठेवलं तर फळीचा धक्का त्याला बसणार. म्हणून मी ते टांगलं. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, त्या सांगाड्याला चारी बाजूंनी ताणून बांधल्या आणि मध्ये झोळी केली. कुसुमनं झोळीत घालायला जुन्या लुगड्यांची दुपदरी गोधडी शिवली. चाकांत हवा निम्मीच भरली, म्हणजे ती ढेकळावर आपटायची नाहीत, बसायची. डाव्या हाताशी तारेचं वेटोळं अडकवायला खुंटी, कानाचं यंत्र ठेवायला चिंध्या गुंडाळलेली दुसरी खुंटी. संध्याकाळी गाडी उभी राहिली. दिसायला पाळणा आणि हातगाडी यांच्या मधलंच काहीतरी.

रविवारी खळ्यावर तिची परीक्षा झाली. वागळे पालथ्या पाटीवर आमच्याकडे पाठ करून बसले. कानाला यंत्र, डोळे मिटलेले, बाजूला माइक. मी गाडी ढकलत त्यांच्या मागून जायचं. त्यांना काही ऐकू आलं की त्यांचं बोट वर व्हायचं. गावाला याहून चांगली करमणूक कुठून मिळणार? सगळे खळ्याच्या कडेनं बसले, आणि वागळ्यांनी दरडावल्यामुळे श्वास धरून बसले.

पहिल्या दोन पावलांतच बोट वर. "टिकटिक होतंय. घड्याळ आहे का कुणाकडं?"

घड्याळ नव्हतं. ते माझ्या सायकलचं मागचं चाक होतं. मागच्या चाकाच्या दातेरी चकतीत कुत्री, म्हणजे एक बारीक खटका असतो; त्याची टिकटिक होते. रोज दहा चाकं हाताखालून घालणाऱ्या माझ्या कानांना ती ऐकूच येत नव्हती. मला शरम वाटली. आता दोन्ही चाकं पुढचीच हवीत. आणि दुसरं पुढचं चाक गावात एकाच माणसाकडे होतं, शाळेतल्या गुरुजींकडे. ते शेजारच्या गावाहून सायकलीवर यायचे आणि परीक्षा बघायला रविवारीही आले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पिक्चरमध्ये नाव येईल का?" गुरुजींनी विचारलं.

"चाकाचं येणार नाही, गुरुजी."

"असू द्या," ते म्हणाले. "काढा."

मग एकेक आवाज सापडत गेला, जसा तांदळातला खडा सापडतो. यंत्राच्या पेटीची कडी वाजत होती, तिच्याखाली रबर घातलं. तार लाकडाला घासत होती, तिथं फडकं गुंडाळलं. उन्हासाठी लावलेल्या छत्रीचं कापड फडफडत होतं, ती काढूनच टाकली. वागळे म्हणाले, ऊन चालेल. उन्हं चढत गेली. मी फेऱ्या मारत राहिलो आणि बोट वर होत राहिलं. शेवटी एक आवाज उरला, कर्र-कर्र, कर्र-कर्र. कणा बघितला, खिळे बघितले, झोळी सोडून पुन्हा बांधली. आवाज जाईना. गाडी थांबवली की बंद, चालवली की सुरू.

वागळ्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, "सायकलवाले, गाडी केव्हाच गप्प झालीय. आता तुम्ही गप्प व्हा."

"मी कुठं बोलतोय, साहेब?"

"पायानं बोलताय."

माझ्या पायांत नव्या वहाणा होत्या. करकरीत, जाड तळाच्या; त्याही मामांनीच दिलेल्या. सगळं खळं त्या वहाणांकडे बघू लागलं आणि मग मामांकडे. मामा एका कडेला, कानटोपी घालून, उपरण्यात हात गुंडाळून बसले होते. क्षणभर कोणालाच कळेना काय करावं. आणि मामा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी. "माज्या गाडीचा आवाज, माज्या सायकलीचा आवाज, आन् आता माज्या वहानांचा," ते म्हणाले, "या मानसाचं माज्याशीच काय वैर हाय!"

त्यानंतर खळ्यावर कोणी श्वास धरून बसलं नाही.

मी अनवाणी झालो आणि गाडी त्या माणसामागून अशी गेली की बोट खाली ते खालीच राहिलं. मामा उठले, गाडीभोवती एक फेरी मारली, दांडी धरून ती थोडी पुढं-मागं केली. बिनआवाजाच्या गाडीवर त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता. तेवढ्यात वारा सुटला आणि वागळे कुरकुरले की आता माइकमध्ये वारा घुसणार. मामांनी डोक्यावरची तपकिरी लोकरीची कानटोपी काढली आणि माइकला घातली. ती त्याला अगदी मापात बसली.

त्याच दुपारी वागळ्यांनी कानाचं यंत्र माझ्या कानांवर ठेवलं. "ऐका," एवढंच म्हणाले. आम्ही ज्वारीच्या कडेला उभे होतो. मी आजवर ज्वारीतच वाढलेला माणूस, पण मी ज्वारी ऐकलेली नव्हती. पानावर पान घासलं की एक आवाज, पान धाटाला लागलं की दुसरा. वारा शेताच्या एका टोकाला शिरला आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडला, तो कुठून कुठं गेला हे डोळे मिटूनही दिसलं. दूर कोणीतरी रहाटाला हात घातला. आणि अगदी कानाशी बांगड्या किणकिणल्या. मी दचकून वळलो, तर कुसुम वीसेक पावलांवर बोरीखाली बोरं वेचत होती. ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. वर्षभराच्या संसारात मी तिचं ते गुणगुणणं कधी ऐकलं नव्हतं. मी जवळ आलो की ती थांबत असावी. मी यंत्र काढून परत दिलं. एखाद्याच्या नकळत त्याचं इतकं ऐकावं हे मला बरं वाटलं नाही. आणि तरी, खरं सांगायचं तर, आणखी थोडं ऐकायला मिळालं असतं तर मी नको म्हटलं नसतं.

सोमवारी सकाळी दव पडलेलं. कॅमेरा बांधाच्या पार टोकाला, गोधडीत गुंडाळून ठेवलेला, म्हणजे त्याची घरघर इकडे येऊ नये. मामी हिरव्या लुगड्यात, शेजारी ती मुंबईची मुलगी. चौकटीच्या बाहेर, बांधाच्या खालच्या अंगानं, मी अनवाणी गाडी ढकलणार. गाडीला धरून वागळे. आणि वागळ्यांचा सहकारी बांबूला बांधलेला माइक मामींच्या पायांपाशी धरून चालणार. कानटोपी घातलेल्या त्या माइककडे बघून मामींना हसू आवरेना. "अवो, तुमीच चालल्यासारकं वाटतंय माज्या मागं," त्या मामांना म्हणाल्या.

पहिली खेप छान चालली होती. मामी बोलत होत्या, मुलगी मान खाली घालून चालत होती, ढेकळं पायाला गार टोचत होती आणि गाडी खरोखरच पाण्यावरून जावी तशी जात होती. अर्ध्यावर मामींनी सहज खाली बघितलं आणि त्याच सुरात म्हणाल्या, "जावईबापू, म्होरं मोठं ढेकूळ हाय, जपून!"

दुसऱ्या खेपेला त्या असं काही बोलायचं नाही हे लक्षात ठेवून चालल्या, आणि इतकं लक्षात ठेवलं की बाकीचं सगळं विसरल्या. शब्द आले ते शाळेत कविता म्हणावी तसे. दिग्दर्शक लांबून हात हलवू लागला. सूर्य वर येत होता. वागळ्यांचं तोंड बारीक झालं. मला वाटलं, गाडी गप्प केली आणि गाडीनं मामींनाच गप्प केलं.

तेवढ्यात कुसुम पुढं आली. तिनं मामींच्या पदराचा शेव नीट केला आणि म्हणाली, "आई, आम्ही उद्या सकाळच्या गाडीनं निघतोय."

"उद्या?" मामी म्हणाल्या. "आन् मला आत्ता सांगतीस?"

"आत्ताच ठरलं."

मला तर काहीच माहीत नव्हतं. मामी बांधाच्या सुरुवातीला जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या खेपेला त्या मुंबईच्या मुलीशी बोलल्याच नाहीत असं मी म्हणेन. चेहरा तिच्याकडे होता, एवढंच. "पोचल्यावर निरोप धाड. उन्हाचं चालू नगंस. बोरं बांदून दिल्यात. वाटंत खा. आन् मी रडती म्हनून तू रडू नगंस, माजं वय झालं, माजं डोळं उगंच गळत्यात." शेवटचं वाक्य ठरलेल्या चारांत नव्हतं. नेहमी ओढ्यापार जाणारा तो आवाज, मी पहिल्यांदाच एका माणसापुरता झालेला ऐकला. बाजूनं ज्वारी सळसळत होती. मी गाडी ढकलत होतो आणि श्वास घ्यायला घाबरत होतो.

बांध संपला. मामी थांबल्या. दिग्दर्शक टोकाकडून ओरडला, "वागळे?"

वागळ्यांनी कानाचं यंत्र काढून चिंध्यांच्या खुंटीवर ठेवलं. खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं. "मिळाला," ते म्हणाले.

त्या दुपारी सिनेमावाले गेले. गुरुजींचं चाक गुरुजींना आणि माझं मला मिळालं. आम्ही मात्र दुसऱ्या दिवशी निघालो नाही, आणखी चार दिवस राहिलो. कुसुमवर मामी लटकं रागावल्या आणि तिला दुप्पट खाऊ घातलं. नगरला परत आल्यावर मी दोन नवी चाकं घालून तशीच गाडी पुन्हा केली, यंत्राची जागा डावखुऱ्याची ठेवून, आणि रेल्वेनं वागळ्यांना पाठवली. त्यांचं एक कार्ड आलं. त्यात आभाराचे चार शब्द होते आणि खाली लिहिलं होतं, पाठ बरी आहे.

दुकान मी पुढं बरीच वर्षं चालवलं. चाक हातात आलं की आधी ते कानाशी नेऊन फिरवायचो. गिऱ्हाइकं हसायची. पण बेअरिंगच्या कुठल्या वाटीत छर्रा फुटलाय हे मला खोलायच्या आधी कळायचं. कधी कधी मला वाटतं, आपण केलेली वस्तू दिसावी, वाजावी, लोकांनी तिच्याकडे बघावं, असं प्रत्येक कारागिराला वाटतं. मी केलेल्या वस्तूंतली सगळ्यांत चांगली वस्तू म्हणजे जी कुणाला दिसली नाही आणि कुणी ऐकली नाही. याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. उलट ते आठवलं की अंगणातलं ते खरखरीत ऊन पुन्हा पाठीवर पडतं.

सिनेमा काही लगेच आला नाही. दोन वर्षं डब्यात पडून राहिला आणि नगरच्या थेटरात लागला तो बाहत्तरच्या दुष्काळात. शिवारं बोडकी झाली होती. गावंच्या गावं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, मामा-मामीही जात. मी निरोप धाडला तेव्हा सुट्टीचा दिवस बघून दोघं आली. मामींच्या हातांना घट्टे पडले होते, मामा वाळले होते. पण मामींनी तेच हिरवं लुगडं नेसलं होतं. दुपारच्या खेळाला आम्ही गेलो. थेटरात बहुतेक खेड्यावरचीच माणसं होती. पत्र्याखाली दोन तास सावलीत बसायला मिळतं, एवढंही त्या वर्षी पुष्कळ होतं.

प्रसंग आला. पडद्यावर बांध, दोन्ही अंगांना उभं हिरवं रान, आणि दूरवरून चालत येणाऱ्या दोघी. मामींचा आवाज थेटरात घुमला. तोच, स्वतःचा. मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं त्या हरखतील, मामांना कोपर मारतील. त्यांनी डोळे मिटले होते. स्वतःच्या बोलण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मान थोडी कलती करून त्या मागचं काहीतरी ऐकत होत्या.

मग आपण थेटरात आहोत हे विसरून, माळ्यावरून बोलावं तशा त्या म्हणाल्या, "अवो, आयका. कनसं भरल्यात बघा. जड वाजत्यात."

सगळं थेटर शांत झालं. कुणी हसलं नाही, कुणी "गप बसा" म्हणालं नाही. दोनशे-तीनशे माणसं अंधारात ज्वारी ऐकत बसली. दोन वर्षांत त्यांच्यातल्या कुणीही ती ऐकलेली नव्हती.

शेवटच्या रांगेतून एक गडी ओरडला, "मावशे, काढनीला किती मानसं लागतील? आमी समदी मोकळीच हाय!"

हशा उसळला. मामींनी डोळे उघडले, मान मागं वळवली आणि पडद्यावरच्या मामींनाही मागं टाकील अशा आवाजात सांगितलं, "समदीच या की!"